सायीत काय होतं

आय, तुला अक्षरओळख नव्हती. म्हणजे तू जिवंत असतीस तरी हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते मला चाललं नसतं. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, आता ती अडचण उरली नाही. मी अजून पुण्यातच आहे, मामानं कामाला लावलं त्याच बाईंच्या कारखान्यात. कारखाना म्हणायचं आपलं. मागच्या अंगणातली पत्र्याची शेड, दोन शेगड्या आणि चार पातेली. तिथे आम्ही तोंडाला लावायचा स्नो आणि थंडीतलं कोल्डक्रीम बनवतो. त्यात काय असतं ते सांगू? स्टिअरिक आम्ल म्हणून मेणचट पांढरे खडे मिळतात, ते वितळवायचे, त्यात ग्लिसरीन, पाणी आणि अगदी मोजून कॉस्टिक सोडा. हा झाला स्नो. कोल्डक्रीमला मधमाशीचं मेण, तेल, टाकणखार आणि गुलाबपाणी. संपलं. एवढ्यासाठी बायका आरशासमोर जीव टाकतात. काही लोक गोरं करायला पाऱ्याचा क्षार घालतात. आमच्या बाई घालत नाहीत. कुणी मागितलाच तर म्हणतात, "कातडी सोलून उजळ व्हायचं असेल तर खाटकाकडे जा."

तुझ्याकडे स्नो नव्हता, टाचा घासायची वजरी होती. दर आठवड्याला न्हाणीत माझं डोकं दोन्ही गुडघ्यांत दाबून धरायचीस आणि मान, कोपरं, घोटे असे घासायचीस की पाण्यात रक्ताची तार दिसायची. मी ओरडले की ओल्या हातानं पाठीत रट्टा. "काळी ती काळी, वर बोंब मारतीया. कोन पत्करंल तुला?" मग मसुराचं पीठ, हळद आणि दुधावरची साय. आज मी कुणालाही सांगेन की पिठानं मळ निघतो, सायीनं कातडं मऊ पडतं, हळदीनं नुसता पिवळेपणा येतो आणि कोपर मात्र काळं ते काळंच राहतं. तेव्हा मला वाटायचं, तुला माझी कातडी काढून दुसरी चढवायची आहे. मी तुझा राग राग करायचे, आय. मनातल्या मनात तुला चावायचे.

मी चौदाची असताना कोळवणचं ते स्थळ आलं. भाताची खाचरं, कौलारू घर, दुभत्या म्हशी, आणि बिजवर. त्याचा थोरला भाऊ बापाचा तालमीतला जोडीदार होता. बापानं तालमीच्या ओट्यावर शब्द देऊन टाकला आणि घरी येऊन सांगितलं. त्या बिजवराची पहिली बायको तुझ्या माहेरची होती. विहिरीत पाय घसरून गेली, असं सगळे म्हणायचे. तू भाकरी थापत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "पाट पोळल्याली बाई पानी शेंदाया जाती व्हय? माझ्या म्होरं चोळी काढून दावली हुती तिनं. उलथन्याचं डाग हुतं." बापानं बसल्या जागेवरून लाथ घातली. परात उलटली, भाकरी विस्तवात गेली. तू ती चिमट्यानं काढलीस, राख झाडलीस आणि त्याच्याच ताटात वाढलीस. मी हे सगळं ऐकलं, पाहिलं, आणि तरी मला आनंद झाला होता, हे सांगायला हवं. आपल्यालाही कुणीतरी पत्करतंय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पाहायला येणार त्या दिवशी सकाळी तू मला न्हाणीत बसवतेस. वाटीत साय आणि पीठ. एरवी बोटांनी चोळतेस, आज मात्र चिंधीचा बोळा घेतलायस. "डोळं मीट. हालू नगंस, आत जाईल." तू कपाळाला, गालांना, हनुवटीला लावतेस आणि डोळ्यांभोवती दोन बोटं जागा सोडतेस, ओठही सोडतेस. एक कच्चा, हिरवा वास येतो. थोड्या वेळानं आग व्हायला लागते. "आय, लई चुरचुरतंय." "सोस." मी उठायला बघते तर तू माझे दोन्ही हात मागे पिळून धरतेस. माझ्या मनगटावर तुझ्या बांगडीचा वळ उमटतो. मग पाणी ओततेस, तांब्यावर तांबे.

पाहुणे आले तोवर माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. गालांवर फोड, त्यातून पाणी. नवरदेवानं एकदा बघितलं आणि भावाकडे वळून म्हणाला, "पोरगी रोगट हाय." पोह्यांना हात न लावता सगळे उठले. बापाचा शब्द ओसरीवर पडून राहिला. त्यानं खुंटीवरचा कासरा काढला आणि मला विचारलं, "काय लावलंस गं तोंडाला?" माझ्याआधी तूच बोललीस. "तिच्या आत्यानं दिल्याली ती बाटली. चोरून लावली आसंल सटवीनं." स्नोची ती बाटली फळीवर होती, मी तिचं झाकणसुद्धा काढलं नव्हतं. कासरा एकदा माझ्या पायांवर बसला. मी किंचाळले, "म्या न्हाई! आयनं लावलं!"

पुढचं तुला ठाऊक आहे. त्यानं तुला केसांना धरून अंगणात ओढलं. कासऱ्यानं मारलं, कासरा हातातून निसटला तेव्हा बुक्क्यांनी मारलं. कडेची माणसं बघत होती, मीही बघत होते. तू ओरडली नाहीस, म्हणून तो जास्तच चेवला. डाव्या कानातून रक्त आलं आणि त्या कानानं तुला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. महिन्याभरात माझे फोड खपली धरून पडले, खाली साधी कातडी, पूर्वीइतकीच काळी, व्रण एकही नाही. मग तू मला मामाकडे पुण्याला पाठवलंस, मी एस्टीत बसले आणि तुझ्याकडे वळून पाहिलं नाही. त्याच वैशाखात कोळवणच्या माणसानं दुसरी मुलगी केली. तिचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. दोन वर्षांनी तुझ्या तापाचा निरोप आला आणि मी पोचले तेव्हा तिरडी बांधत होते.

ते स्थळ मोडण्यासाठी तू केलंस हे पुढे मला कळलं, मी काही मूर्ख नाही. पण तोंडाचा कायमचा कोळसा झाला असता तरी तुला पर्वा नव्हती, असंच मी धरून चालले. वजरीनं घासायचीस तसंच तेही. तो राग मला उपयोगी पडला. त्यावर मी इतकी वर्षं काढली.

परवा एका घाण्यात कॉस्टिक जरा जास्त पडलं. बाई म्हणाल्या, "फेकू नका. कमी, मध्यम, जास्त कॉस्टिकची अशी तीन मिश्रणं करा, हातावर लावून बघा. किती सोसतं ते कळल्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडाला लावायचं नाही." मी कोपराच्या आतल्या अंगाला तीन ठिपके लावले. सकाळी उठून पाहिलं तर पहिल्याला काही नाही, दुसरा लाल, तिसऱ्यावर फोड. तीन एका ओळीत.

हे मी आधी पाहिलं होतं, आय. तुझ्या हातावर. पाहुणे यायच्या चार दिवस आधी, तू पीठ मळताना. तीन डाग, एका ओळीत. एक पुसट, एक लालबुंद, एकावर टरटरून फोड. मी विचारलं तर म्हणालीस, "चुलीवं भाजलं." चुलीचा निखारा असा ओळीत भाजत नाही. किती थेंबांनी सुजेल आणि कितीनं व्रण राहील, हे तू आधी स्वतःच्या कातडीवर मोजलंस. मी सोळा वर्षं तुझा राग केला. माझी लाज वाटते मला. तू असतीस तर तुझा तो हात धरून बसले असते.

हे पत्र टाकणार नाही. तुझ्या नावाचं टपाल गावात आलं तर ते बापाच्याच हातात पडेल, अजून आहे तो. शिवाय एक गोष्ट राहिलीय. मामाला, मामीला, बाईंना, सगळ्यांना मी हेच सांगत आले, की भीतीपोटी "आयनं लावलं" एवढंच माझ्या तोंडून निघालं. तेवढ्यावर बाप थांबलाही होता. तुझ्याकडे बघत उभा होता, त्याला खरं वाटत नव्हतं, आणि तू पुन्हा म्हणालीस, "खोटं बोलतीया." तेव्हा मी त्याचा हात धरून त्याला गोठ्यामागे नेलं, कुंपणातल्या शेराच्या झुडपाची तू सकाळी मोडलेली फांदी दाखवली, आणि म्हणाले, "ह्येचा चीक. म्या बघितलं हुतं."