हळद लावलेलं सर्किट

तीर्थस्वरूप सावळारामआबा,

पणदऱ्याहून तुमच्या धाकट्या बहिणीचा, दगडाचा, तुमाला आन बनावयनीला वाकून नमस्कार. हितं समदी बरी हायत. तुमचा उजवा गुडघा कसा हाय? (डावा असला तर डावा. दोनातला एक दुखतो एवढंच ध्यानात हाय.) वयनीचा खोकला गेला का? न्हायतर ज्येष्ठमध धाडते.

पत्र बघून दचकू नका, कुणी गेलेलं न्हाय. फोनच केला असता, पण घरात फोन दोनच, एक माझ्या लेकाचा, विजूचा, एक त्याच्या बायकूचा, आन सांगायचंय ते त्या दोघांचंच. म्हणून चौथीतलं अक्षर पुन्हा बाहेर काढलंय.

तर आबा, मी पंधरा दिवस शाळेत जाऊन आले. हसू नका. आमच्या बचत गटाला बल्ब बनवायचं शिकवायला बारामतीहून शाहीन नावाची पोरगी आली हुती. अट अशी, की दहा बाया पायजेत. झाल्या नऊ. त्यात आपली रेश्मा. अकरा वर्षं झाली ही सून घरात येऊन, पण "मला हे पायजे" असं तिच्या तोंडनं मी पहिल्यांदाच ऐकलं. लगीच गटाच्या म्हाळसाला म्हणलं, "लिही माझं नाव." तर ती म्हणती, "दगडाआत्या, लई बारीक काम असतं, तुमाला दिसंल का?" म्हणलं, "तांदळातलं खडं कोण निवडतं मग, तुझा नवरा?"

पहिल्या दिवशी प्रत्येकीपुढं एक ताटली, अन् तिच्यात काडेपेटीएवढी हिरवी पाटी. तिला सर्किट म्हणायचं. आता मला सांगा, ट्रॅक्टर आला, कडबाकुट्टी आली, हळद-कुंकू लावल्याबिगर आपण कधी बटन दाबलंय का? शाहीन मीटर आणायला बाहेर गेली, तवर मी दाही पाट्यांना ओली हळद लावली, वर कुंकू, वर नारळाच्या पाण्याचं चार-चार थेंब. भिंतीशी नमुन्याची एक पाटी विजेला जोडून ठेवलेली. ती मानाची, तिला जरा जास्तच लावली. मग म्हाळसानं हात जोडून तिचं बटन दाबलं. फाट्! नारळाचा वास गेला आन जळक्याचा आला. (म्हाळसा अजून म्हणती, आत्यानं दाबलं. दाबलं तिनंच.) शाहीन पळत आली. आमी दहाजणी भिंतीला. मला वाटलं आता पोरगी गाशा गुंडाळती. तर ती पाटीकडं बघून म्हणाली, "आजी, आमच्यातबी नव्या मशीनला हार घालत्यात. पण सुका!" मग तिनं समजावलं. वीज लई आळशी. तिला बल्बाकडनं लांबनं जायला लागतं, पण मधी ओल दिसली की आखूड वाटेनं पळती, आन वाटेत काय काय जाळती. राहिलेला दिवस आमचा जुन्या टूथब्रशनं पाट्या घासण्यात गेला. रेश्मानं माझीबी घासली.

पण आबा, समजायला लागलं की हे अवघड न्हाय हो. तुमी जन्मभर उसाला दारं धरली, तुमाला तर चटकन कळंल. पाण्याचा लोंढा आला की सरीच्या तोंडाला आपण गोणपाट दाबतो, सरी फुटू नये म्हणून. ते काम करतो तो रजिस्टन्स. विहिरीतला फुटव्हॉल पाणी वर जाऊ देतो, माघारी सोडत न्हाय. तसाच तिथं डायोड, एका अंगानं जाऊ देतो, दुसऱ्या अंगानं अडवतो. आन कंडेन्सर म्हणजे हौद, भरून ठेवायचं आन लागंल तसं सोडायचं. हा हौद लबाड हाय पण. मी प्लग काढला, प्लग हातात धरला, वर म्हाळसाला दाखवला, आन मग पाटीला बोट लावलं. असला झटका बसला, की आपल्या थोरल्या चुलतीची आठवण झाली. भांडण सकाळी मिटायचं, आन तिचा झटका बसायचा दुपारी भाकरी वाढताना. शाहीन म्हणाली, नुसतं बंद करून भागत न्हाय आजी, आतलं साठलेलं आधी मोकळं करायला लागतं.

एक गोष्ट मात्र पाण्यावाणी न्हाय. पाणी उसाच्या मुळाशी गेलं की त्याचं काम झालं. वीज गेली तिथनं माघारी आली पायजे, यायची वाट तुटली तर जायची बी बंद. शाहीननं एकच तार सोडवली. मी म्हणलं, दुसरी हाय की, निम्मा तरी पेटंल. न्हाय पेटला. घरी येऊन भाकरी थापताना तेच डोक्यात. पोरीचं तरी काय येगळं असतं? माघारी यायची वाट शाबूत असली की सासरी ती निवांत नांदती. तुमी माझी ती वाट पन्नास वर्षांत कधी तुटू दिली न्हाय. तोंडावर म्हणाले नसते, कागदावर म्हणते.

आता रेश्माचं. बारक्या दिव्याला दोन पाय असत्यात, एक लांब, एक आखूड. लांब पाय सेलच्या अधिक बाजूला लावायचा. मी लावला उलटा आन अर्धा तास बघत बसले. धूर न्हाय, आवाज न्हाय, उजेड न्हाय. म्हणलं ह्यो मेलेला हाय, टाका. रेश्मानं तो काढला, फिरवला, लावला. लख्ख! आबा, त्या उजेडात मला माझीच लाज वाटली. अकरा वर्षं मी शेजारणीला सांगत आले, सून गरीब हाय, पण डोकं जरा बेताचंच. आन हितं ती रजिस्टन्सवरच्या रंगीत पट्ट्यांवरनं त्याचा आकडा वाचत हुती. तपकिरी, काळा, तांबडा म्हणजे हजार. आमी बाकीच्या अजून तपकिरी कुठला हे शोधत हुतो. शेवटच्या दिवशी तिचा बल्ब पहिला पेटला, आन ती मोठ्यानं हसली. तिचं हसू एवढं मोठं हाय हे मला ठावंच न्हवतं.

शाहीन म्हणती, रेश्माताईनं बारामतीला दोन महिनं शिकावं, मग दुसऱ्या गावच्या बायांना तीच शिकवील, पगारानं. फॉर्म महिनाअखेरपातूर. रेश्मानं तो पिठाच्या डब्याखाली ठेवलाय आन पुन्हा गप झालीय. विजू एकदा आमाला न्यायला आला, तवा ती गरम कथलाचा डाग देत हुती. त्यानं बघितलं, भुवई वर केली, "हं" म्हणाला. त्या "हं"वर तिनं आशा सोडली. धारा कोण काढंल, चार गाया हायत, हे मलाबी कळतं.

बाकी ठीक. गुडघ्याला जपा.

तुमची,
दगडा

ता.क. खरं काम हे हाय. येत्या रविवारी या. विजू तुमच्याबिगर कुणाचं ऐकत न्हाय. त्याला म्हणा, रेश्माला धाड. हे तुमच्याच डोक्यातनं आलं असं दाखवा, माझं नाव काढू नका.

ता.क. दोन. पिनकोड मला येत न्हाय. पत्ता घालायला पाकीट विजूकडं देते. तो दुसऱ्याची पत्रं वाचणारातला न्हाय.

मामा, विजयसिंहाचा नमस्कार. पाकीट उघडंच हुतं. मी "हं" म्हणलो, कारण रेश्माच्या हातातली सफाई बघून दुसरं काय सुचलं न्हाय. पंधरा दिवस दोघी माझ्या तोंडाकडं बघत्यात, पण एकीनं मला इचारलं न्हाय. डब्याखालचा फॉर्म काढून रेश्माच्या हातात दिला, तिनं तो आज भरला. धारा मी काढतो. आईचाबी फॉर्म भरायला लावलाय. शिकून आल्यापासनं तिनं दोन पंखं, माझा चार्जर आन दारावरची बेल खोललीय, जोडलेलं अजून काय न्हाय. मिक्सर मी माळ्यावर दडवलाय. रविवारी जरूर या, फक्त मोबाईल खिशातनं काढू नका.