तुमच्या जीपचं मागचं दार

चारकोप, कांदिवली (पश्चिम)
रविवार दुपार

तीर्थस्वरूप आण्णांच्या चरणी धाकट्या जावयाचा, म्हणजे हर्षदचा, नमस्कार.

तुमचा ऑपरेशन झालेला डोळा आता कसा आहे? थेंब वेळेवर घालता ना? (घालत नसणार. जान्हवी म्हणते, आण्णा बाटली उशाशी ठेवतात आणि तेवढ्यानेच डोळा सुधारेल असं समजतात.) आईंचे गुडघे कसे आहेत? देवगडला यंदा आंब्याचा मोहर टिकला का? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुम्ही आम्हाला दिलेली जीपही खुशाल आहे. तिचं मागचं दार तेवढं आता आपल्यात नाही. हे वाक्य कसं लिहावं या विचारात माझे कितीतरी दिवस गेले, म्हणून ते एकदाचं लिहून टाकलं. तुम्ही उभ्याने वाचत असाल तर बसून घ्या. चावी देताना तुम्ही माझा हात धरून "झिलासारखी सांभाळलंय हिका" म्हणाला होतात, तेव्हापासून तुमची ही मुलासारखी गाडी मी चालवत नाही आण्णा, नुसता घाबरत सोबत जातो.

झालं असं की सोसायटीच्या सत्यनारायणासाठी डेकोरेटरकडून खुर्च्या आणायच्या होत्या. आमच्या बिल्डिंगमध्ये मोठी गाडी आपलीच. (ती पार्किंग अडवते म्हणून सेक्रेटरी राजेश मुणगेकर वर्षभर मला नोटिसा देतायत, पण खुर्च्यांच्या वेळी मात्र "हर्षद, तुझी जीप आहे ना रे?") मी खुर्च्या रचल्या, दार लावलं, वरून दोरी बांधली, दोरी ओढून बघितली आणि सिग्नलला उतरून पुन्हा ओढून बघितली. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेही ऐकून घेतले. पण बिजागऱ्या आतून गंजून पापडासारख्या झाल्या होत्या, ते दोरीला काय कळणार? मार्केटजवळच्या स्पीडब्रेकरवर गाडी उडाली, मागे ढाण्णकन आवाज झाला आणि मला वाटलं, मागून डंपर येतोय त्याचाच असेल. बऱ्याच वेळाने एका रिक्षावाल्याने रिक्षा शेजारी आणून सांगितलं, "साहेब, तुमचं दुकान रस्त्यावर मांडलंय." वळून बघतो तर दार नाही, दारावरची स्टेपनी नाही, आणि खुर्च्या एकेक करून थेट बसस्टॉपपर्यंत उतरलेल्या. मी धावत परत गेलो तोवर स्टॉपवरची माणसं त्यांच्यावर ऐसपैस बसली होती. एक आजोबा म्हणाले, बस आल्याशिवाय मी उठणार नाही. मग मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. सगळ्या नंबरच्या बस आल्या, त्यांचीच येईना. कोणाला काही लागलं नाही, हे खरं तर मी पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं. पण ती स्टेपनी कोणाच्या अंगावर गेली असती तर, या विचाराने मी अजून जेवता जेवता थांबतो.

दार उचलून पुन्हा बसवावं असं माझ्या मनात होतं, पण तोवर त्यावरून डंपर गेला होता. (तोच, ज्याच्यावर मी आवाजाचा आळ घेतला होता.) मग जान्हवीने सूत्रं हातात घेतली. तिच्या ऑफिसातल्या श्वेताच्या ओळखीचा एक वेन म्हणून आहे, मरोळ गावठाणातला, जुन्या गाड्यांचं गॅरेज चालवतो. माणूस दिलदार, पण त्याच्याकडे कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर असतं, "टेन्शन नको घेऊ यार, झकास बसेल." त्याने भंगारातून एक दार पैदा केलं. ते झकास बसलं नाही. बोटभर रुंद निघालं, म्हणून त्याने कडा घासल्या, तर ते खुळखुळायला लागलं. मग जाड रबर लावलं, तर ते लागेना. मग सगळ्यांनी मिळून ढकललं, तर लागलं, पण उघडेना. (वेन म्हणाला, "बघ, आता पडणार नाही.") शेवटी त्याने बाहेरून एक हँडल ठोकलं, ते जोर लावून ओढलं की कसंबसं उघडायला लागलं. शिवाय ते दार एका जुन्या रुग्णवाहिकेचं होतं. वेनने वर आपला हिरवा रंग मारला, पण ऊन पडलं की खालची लाल अक्षरं हळूहळू वर येतात आणि 'रुग्णवाहिका' असं स्वच्छ वाचता येतं. लिंक रोडला लोक मला वाट देतात, आण्णा. मी काच खाली करून "नाही नाही, तुम्ही जा" म्हणत बसतो.

इतकंही मी चालवून घेतलं. पण पुढच्या शनिवारी बघतो तर जान्हवी आणि वेन मिळून दाराला आतून सामान ठोकतायत. साखळीवर उघडणारी फळी, शेगडी अडकवायचं कडं, मसाल्याच्या डब्यांची मांडणी, कपांसाठी खिळे. मी विचारलं, दाराला स्वयंपाकघर कशाला? ती तोंडातला स्क्रू काढून म्हणाली, "सप्टेंबरमध्ये मी आणि श्वेता स्पितीला चाललोय ना. बोलले नव्हते?" नव्हती बोलली. स्पिती हिमाचलात आहे. मी मोबाइलवर तिथले रस्ते पाहिले. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी तिला एवढंच म्हटलं, की आपण आधी माथेरानला जाऊन बघू. ती म्हणाली, माथेरानला गाडी नेत नाहीत रे.

आणि मग परवाची सकाळ. मी दूध घेऊन येत होतो आणि मुणगेकरांच्या सुगंधाताई जिन्यातून धावत खाली आल्या. राजेशरावांच्या छातीत दुखत होतं, घामाने भिजले होते, आणि फोन करून बोलावलेली रुग्णवाहिका मेट्रोच्या खोदकामापाशी अडकली होती. ताईंचं लक्ष आपल्या दाराकडे गेलं. ऊन पडलं होतं. "ही काय आलीच की!" म्हणून त्यांनी दारावर थापा मारायला सुरुवात केली. ही ती नव्हे, हे मी सांगेपर्यंत जान्हवीने गादी पसरून राजेशरावांना आत घेतलंसुद्धा. मी गाडी चालवली. स्टिअरिंग असं घट्ट धरलं होतं की हॉर्न न दाबता वाजत होता. मागे जान्हवी त्यांचा हात धरून शांतपणे बोलत होती, "काका, नोटीस नंतर द्या, आता श्वास घ्या."

हॉस्पिटलच्या दारात गाडी लावली, स्ट्रेचर आला, मी मागे धावलो, हँडल ओढलं आणि हँडल माझ्या हातात आलं. दार जागेवरच. पुढच्या सीटमधून राजेशरावांना काढणं शक्य नव्हतं, त्यांचा देह तुम्ही लग्नात पाहिलाच आहे. वॉर्डबॉय रबरात बोटं घालून ओढतायत, सुगंधाताई देवाला हाका मारतायत, मी वेनला फोन लावला. वेन म्हणाला, "हँडल आलं? बरोबर, ते टेम्पररी होतं." त्या क्षणी मला खरंच वाटलं, आण्णा, की हा माणूस माझ्या गाडीत, माझ्या दारामुळे जाणार. मी काचेवर हात आपटून ओरडलो, "जानू, काहीतरी कर गं!" आतून तिचा आवाज आला, "बाजूला हो." आणि त्या मागोमाग राजेशरावांचा क्षीण आवाज, "मी पण मारू का लाथ?" सुगंधाताई बाहेरून कडाडल्या, "तुम्ही गप पडा!" जान्हवीने पाठ सीटला लावली आणि दोन्ही पायांनी अशी लाथ घातली की दार, फळी, मसाल्याचे डबे आणि एक वॉर्डबॉय एकदमच बाहेर आले. वॉर्डबॉयला फक्त हळद लागली.

राजेशरावांना वेळेत आणलं असं डॉक्टर म्हणाले. काल भेटायला गेलो तर नर्सला सांगत होते, "आमच्या सोसायटीची स्वतःची गाडी आहे." मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि मला रडू आलं. कशाचं ते माहीत नाही. जान्हवी शेजारी बसली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "दार टेस्ट झालं रे. आता स्पितीला काळजी नाही."

आईंना नमस्कार. डोळ्याला जपा.

तुमचा,
हर्षद

ता. क. — मुद्द्याचं राहिलंच. तुम्ही वडील आहात, गाडी तुमची आहे. जान्हवीला फोन करून ठणकावून सांगा, की स्पितीला जायचं नाही. तुमचं ती ऐकेल.

ता. क. २ — वरचं खोडायचं होतं, पण पाठपोट लिहिल्यामुळे मागचं खराब होईल. फोन करू नका. तिने जावंच. त्या सकाळी मी तिला पाहिलंय. तिची काळजी करायची गरज नाही.

ता. क. ३ — खरं सांगतो, आण्णा. तिने श्वेताला विचारलं, वेनला विचारलं, काल राजेशरावांनासुद्धा गमतीने "येता का काका?" म्हणाली. मला विचारलेलं नाही. तिला वाटत असणार, हा कुठला येतोय. तर तुम्ही आपणहून सुचल्यासारखं म्हणा, की हर्षदला पण ने गं. मी सांगितलं असं म्हणू नका. आणि ती हो म्हणाली तर मला लवकर कळवा. सप्टेंबर लांब नाही, आणि नीट घाबरून घ्यायला मला वेळ लागतो.