आईच्या खोलीतली माती

उरण, ता. ४ मे १९३१

चि. चांगदेव यास सत्यवतीअक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तू कळवल्याप्रमाणे शाकारणी उरकली. माणसांनी कौलं बदलली, कुजलेल्या रिपा काढल्या आणि सगळा राडा तसाच टाकून गेली. अंगणात फुटक्या कौलांचा ढीग, घरभर काजळी. दोन दिवस भातात माती कचकचत होती. यांचं म्हणणं, घर मालकाचं, काम मालकाचं, तर सफाईही मालकानेच करावी. मी म्हटलं, मालक माझा धाकटा भाऊ आहे. हे म्हणाले, म्हणूनच तर भाडं देऊन राहतो. मी हसले आणि आमच्या दोन खोल्या झाडून काढल्या.

पण आईच्या खोलीला तुझं कुलूप. खिडकीतून पाहिलं, तिच्या खाटेवर माती आणि रिपांचे तुकडे पडलेत, त्यांत वाळवी आहे. पेटीला लागली तर तिची लुगडी जातील. किल्ली तुझ्यापाशी कराचीला. काय करू? जेवण वेळेवर घेतोस ना? अक्काची आठवण असू दे.

कराची, ता. १३ मे १९३१

तीर्थरूप अक्का हिस चांगदेवाचा शि. सा. न. वि. वि.

भावोजींचं खरं आहे. काम मी सांगितलं, राडाही मीच निस्तरायचा. कुलूप तोडून घे आणि ठमीकडून खोली झाडून घे, तिची मजुरी मी पाठवतो. लुगडी हवी ती ठेव, बाकीची वाटून टाक. इथे गोदीत काम फार, रजा मिळत नाही. दुपारी खारा वारा सुटला की आपल्या मिठागरांच्या बांधावर उभा आहे असं वाटतं. रागावू नकोस. भावोजींना नमस्कार.

उरण, ता. २१ मे १९३१

चि. चांगदेव यास अनेक आशीर्वाद वि. वि.

ठमी आली होती, मी तिला परत पाठवलं. आम्हांला भाड्याने दिलेल्या खोल्यांचं मी बघेन. जी तू स्वतःकडे ठेवलीस ती तुझी.

आई गेल्यावर पाचव्या दिवशी तू पोचलास, तेराव्याला कुलूप घातलंस आणि निघून गेलास. आषाढात तीन वर्षं होतील. तू विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगितलं नाही. शेवटचे दोन दिवस ती दाराकडे तोंड करून होती. मी म्हटलं, तार गेली आहे, येईल तो. ती म्हणाली, "त्याला घाई करू नको म्हणावं. दर्या खवळलाय."

तुझ्यावर रुसून गेली नाही रे ती. पावसामुळे मोरा बंदराच्या बोटी बंद व्हायच्या आत ये. वाट पाहते.

कराची, ता. २० जून १९३१

तीर्थरूप अक्का हिस शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. मालकाचं काम म्हणणारे भावोजी टोपली घेऊन माझ्याआधी आत शिरले, हे मी विसरणार नाही. मला तर उंबऱ्यातून पाऊल टाकवत नव्हतं. निम्मी लुगडी वाळवीने खाल्ली, त्याला दोष माझाच.

खाट झाडून झाल्यावर मी तिच्यावर जरा टेकलो होतो. तिन्हीसांजेला जाग आली तेव्हा अंगावर तुझी चादर होती. अशी झोप मला तीन वर्षांत लागली नव्हती, इथे आल्यापासून पुन्हा लागत नाही. मुंबईला बदलीचा अर्ज दिला आहे. साहेब हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

खोलीला आता कुलूप नको. दुपारची तू तिथे पडत जा. मायेत अंतर देऊ नकोस.

तुझा
चांगदेव