यादीतली वस्तू

शनिवार, २ एप्रिल
आले एकदाची! रेल्वेने कामगारांसाठी बांधलेल्या जुन्या घरांच्या ओळीतलं हे घर, अरुंद पण झकास. मालगाडी गेली की बश्या किणकिणतात. शेजारचे ऑर्विल केम बटाट्याच्या पिरोग्या, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, घेऊन आले. सोमवारी शाळेच्या ग्रंथालयात रुजू व्हायचं.

मंगळवार, ५ एप्रिल
तळघरात आधीच्या भाडेकरूचा मोडका सोफा पडलाय. केम म्हणाले, नगरपालिकेची गाडी वर्षातून एकदाच, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, मोठं सामान नेते. कचेरीत अर्ज द्या. शाळेच्या गडबडीत धावतपळत जाऊन अर्ज भरला. सगळा कारभार मिसेस ह्लावाच एकट्याच बघतात. बोलायला गोड बाई.

मंगळवार, १२ एप्रिल
दारावर पिवळी चिठ्ठी. न्यायची वस्तू: थेल्मा रूर्क. अगं बाई, घाईत मीच माझं नाव भलत्या रकान्यात लिहिलं! एकटीच हसत बसले.

गुरुवार, १४ एप्रिल
आता हसू येत नाही. कचेरी उघडी मंगळवार-गुरुवार, दहा ते बारा. शाळा सोडून गेले. तर यादी मंजूर झाली म्हणे, आता नाव काढायला सभेचा ठराव लागतो. सभा परवाच झाली, पुढची मे महिन्यात! अहो, मी जिवंत बाई आहे, म्हटलं. त्यावर मिसेस ह्लावाचनी विचारलं, उचलायला किती माणसं लागतील? डोकंच फिरलं माझं.

बुधवार, २० एप्रिल
शनिवारच्या आधी लोक घरोघर फिरून कामाचं सामान निवडून ठेवतात, ही इथली रीतच. आज दोन बायका फाटकाशी उभ्या. एक म्हणाली, केस छान आहेत गं. दुसरी म्हणाली, आधी दात बघ. मी ओरडले तेव्हा ओशाळल्या. केमनी मला आधीच स्वतःसाठी राखून ठेवलंय हे ठाऊक नव्हतं म्हणे. पोलिसाकडे गेले. त्याने यादी वाचली आणि मलाच झापलं: वस्तूने रस्ताभर हिंडू नये.

मंगळवार, २६ एप्रिल
शाळेत माझ्या खुर्चीवर दुसरी बाई. मुख्याध्यापक फार हळहळले. कचेरीत पुन्हा तेच. ठराव, ठराव, ठराव! किती वेळा तेच तेच सांगायचं या लोकांना?

गुरुवार, २८ एप्रिल
पळून जायचं ठरवलं. आगगाडी इथं थांबत नाही. बसवाल्याने माझ्या कोटावर पिवळी चिठ्ठी बघितली; दारावरून ती तिथं कशी आली? मोठं सामान घेत नाही म्हणाला. कोट फेकला — चिठ्ठी पोलक्यावर. पोलकं काढलं — चिठ्ठी —

शुक्रवार
माझे केस. कुणीतरी नेले. कधी? मी तर खुर्चीतच —
केम खिडकीतून हात हलवतात. प्रेमाने.

शनिवार
गाडी आली. चौघं दारात. सांगितलं, बघा, मी लिहितेय, वस्तू कधी लिहिते का? मुकादमाने वही चाळली, यादीशी ताडून बघितली. वही यादीत नाही, म्हणाला, ती इथंच राहील. एवढी ओळ पुरी करू द्या, म्हटलं. तो म्हणतो, ताई, अजून तीन घरं आहेत. पाय धरलेत त्यांनी माझे — कुणीतरी आईला कळ —