एकेक बोट खाली

प्रिय ताई,

आधी खुशाली लिहायची आणि मग कामाचं, असं आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर शिकवायच्या. समास सोडला नाही तर अख्खी वही परत करायच्या. तर आधी खुशाली. माझं बीपी ठीक, गुडघे बेताचे, कुंडीतल्या रोपाला तीन टोमॅटो लागले आणि तिन्ही पाखरांनी चाखून झाले. कामाचं मात्र एवढ्यात लिहीत नाही. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती फोनवर सांगितली तर तू "पुरे गं शेपूट" म्हणून मध्येच ठेवून देशील. मागच्या महिन्यात ठेवलास तसा. "खांदा गेला, आता मी कुठं चढत नाही, आणि कुणी मला उचलून नेणार असेल तर मी इथंच बरी," एवढं बोललीस आणि संपलं. दोन वर्षं झाली ताई, तू दाराबाहेर पडलेली नाहीस.

फोन ठेवलास तेव्हा मी मागच्या पत्र्याखाली गेले. तिथं आपली हत्तीण उभी असते, बाबांची फर्निचर वाहायची जुनी गाडी. बाबांनी तिला हे नाव का दिलं ते अजूनही बघताक्षणी कळतं. गोल माथा, करडा रंग, रुंद पाठ आणि कुणाची घाई नसलेला चेहरा. मागचं अंग पुढच्यापेक्षा उंच, कारण पाठीवर सामान चढलं की दबून ती सरळ व्हावी. आता सामान कुठलं! रविवारी मी तिला बाजारापर्यंत नेते, दोन कोबीच्या गड्ड्यांनी ती काय दबणार? मी हौद्याचा मागचा फळका खाली पाडला आणि त्याला टेकून उभी राहायला गेले, तर तो कमरेच्या वर आला. आपल्या दोघींची उंची सारखी. मनात आलं, हा पाच बोटं खाली असता तर ताई नुसती मागे टेकून बसली असती. हातांवर अंग उचलायला नको, खांद्याला ओढ नको. मोटारीत तुझा लोखंडी पट्ट्या लावलेला पाय दुमडत नाही, म्हणून तू मोटारीचं नाव काढत नाहीस. पण हौद्यात खुर्ची बांधून, पाय लांब करून, तू राणीसारखी बसायचीस. तुला मानवलेलं वाहन आयुष्यात ते एकच.

म्हणून गाडी घेऊन बाबांच्या मिस्त्रींकडे गेले. गॅरेज तेच, जमिनीतला खड्डा तोच, ग्रीसचा वासही तोच. फक्त आता त्यांची मुलगी ते चालवते. आखूड केस, खिशात पाना, बोलणं रोखठोक. मी म्हटलं, मागून खाली करायची आहे. तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "काकू, हे कॉलेजची पोरं करून घेतात, मिरवायला. या वयात?" मी विचारलं, वय माझं की गाडीचं? "दोघींचं," म्हणाली आणि हसत खड्ड्यात उतरली. खालूनच तिनं समजावलं. मागची दोन चाकं जोडणारा एक्सल हिच्यात स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर बसलेला आहे. एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा आणि लांब बोल्टांनी आवळायचा. ठोकळा जेवढा जाड, तेवढी गाडी खाली बसते. "पण घडवून घ्यावे लागतील, एवढ्या जुन्या गाडीचे आता कोण ठेवतो?"

दाराशी खुर्चीत म्हातारे मिस्त्री बसले होते. ऐंशीच्या पुढे गेलेत, ऐकू कमी येतं. मला त्यांनी ओळखलं नव्हतं, पण गाडीवरून नजर हलवली नव्हती. ते उठले, भिंत धरत आत गेले आणि बिस्किटांचा एक गंजका डबा पोटाशी धरून आले. डब्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेले दहा ठोकळे. पाच जोड. पहिला बोटभर जाड, दुसरा दोन बोटं, असं करत शेवटचा पाच बोटं. मुलीनं एक उचलून पाट्यावर ठेवला, तर त्याची खुंटी भोकात अशी बसली की जणू कालच काढली असावी. "बाबा, हे कुणाचे?" तिनं ओरडून विचारलं. "हिचेच," ते गाडीकडे बोट करून म्हणाले. "हिच्या मालकानं स्वतः कानशीनं घासून केलेत. पोरीसाठी."

आता तू जरा नऊ वर्षांची हो. तापात पाय गेल्याला दोन वर्षं झाली आहेत. कुणी उचलायला आलं की तू चावतेस, आत्याच्या मनगटावर तुझ्या दातांची खूण आहे. बाबांनी चढायला स्टूल करून दिलं, ते तू कुबडीनं उलटं पाडलंस. "माझी मी चढीन." मग रोज सकाळी बाबा फळका खाली पाडायचे आणि दोन पावलं मागे सरून उभे राहायचे. तू साखळी धरून लटकायचीस, पडायचीस, पुन्हा धरायचीस. कोपरांची सालं निघाली होती. आणि एका सोमवारी तू वर होतीस! आईच्या हातातलं भांडं पडलं, मी नाचले, समोरच्या शिंपीकाकांनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. ती सकाळ तू जन्मभर जपलीस. शिक्षिका झाल्यावर प्रत्येक नव्या वर्गाला सांगितलीस. आणि त्याच सकाळींसाठी बाबांना कधी माफ केलं नाहीस. ते गेले त्या आठवड्यात मला म्हणालीस, "मी पडत होते आणि बाप हात मागे बांधून बघत होता. एकदा हात लावला नाही त्यानं."

म्हातारे मिस्त्री तेव्हा विशीतले होते. ते म्हणाले, "दर शनिवारी यायचे. आधीचा ठोकळा काढ, बोटभर जाड घाल. मी म्हटलं, एकदम पाच बोटांचाच घालू की, सुटलात. तर म्हणाले, नको रे, पोर बेरकी आहे, ओळखेल. ओळखलं तर जन्मात चढणार नाही." पाच शनिवार, ताई. तू रोज लटकत होतीस आणि हत्तीण तुझ्या नकळत एकेक बोट गुडघे टेकत होती.

खरं सांगते, पहिल्यांदा भीतीच वाटली. वाटलं, हा डबा बंद करावा आणि तुला काही म्हणजे काही कळू देऊ नये. तुझी ती एक सकाळ माझ्या हातात आली होती आणि माझ्या हातून ती फुटली असती. पण म्हातारे माझ्यावरच ओरडले, "अहो, पुढचं ऐका की!" पुढचं असं, की तू चढायला लागलीस आणि बाबा पुन्हा गॅरेजात जायला लागले. पाचाचा काढ, चाराचा घाल. चाराचा काढ, तिनाचा घाल. आता दर महिन्याला एक. तुझ्या हातांत जोर येत गेला तशी ते गाडी वर घेत गेले. सहाव्या महिन्यात शेवटचा ठोकळा हातात घेऊन आले आणि म्हणाले, "आज चढली. पूर्ण उंचीवर. तिची ती." एवढं बोलून त्या खड्ड्याच्या कडेला बसले आणि हुंदके देऊन रडले. "मला वाटलं, घरात कुणी गेलं," मिस्त्री म्हणाले.

मग मला एक जुनं कोडं सुटलं. तुला आठवतं, त्या वर्षी बाबा एका खेपेचं फर्निचर दोन खेपांत पोचवायचे? आई म्हणायची, "गाडी म्हातारी झाली की तुम्ही?" आणि ते नुसते हसायचे. मिस्त्रींच्या मुलीनं सांगितलं, एवढ्या खाली बसवलेल्या गाडीवर पूर्ण माल चढवला तर एक्सल वर आपटतो. तो माणूस अर्धा माल भरून दुप्पट फेऱ्या मारत होता आणि बायकोचे टोमणे खात होता. आणि मी? शाळेच्या फाटकाशी ती गाडी दिसू नये म्हणून मी त्यांना कोपऱ्यावरच थांबायला लावायची. तेही ते ऐकायचे.

आणि एक गोष्ट मी कधीच सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे हेच मला कळलं नव्हतं. त्या सकाळींना तू बाबांच्या समोर असायचीस. मी शेपूट, मी त्यांच्या मागे असायची. सहा वर्षांची, माझे डोळे बरोबर त्यांच्या मनगटांशी. उजव्या हातानं त्यांनी डावं मनगट धरलेलं असायचं. तू पडलीस की ती पकड अशी आवळायची की बोटं पांढरी पडायची. संध्याकाळी जेवताना त्यांच्या मनगटावर चार निळे वळ दिसायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पलंग उतरवताना दोरी करकचली."

आता कामाचं. बाबांनी तुला न सांगता केलं. मला ते जमणार नाही, तू मोजपट्टी घेऊन बसशील. म्हणून हे पत्र. हत्तिणीला आज पाच बोटांचा जोड घातला आहे. बाकीचे चार जोड डब्यात माझ्या पलंगाखाली आहेत. खांदा सुधारला तर एकेक बोट वर घेऊ, नाही सुधारला तर ती तशीच बसून राहील, तिचंही वय झालंच की. माझी पुढची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवली आहे, उंबरा काढून टाकलाय. येत्या रविवारी सकाळी दहाला ती तुझ्या दारासमोर पाठ करून उभी असेल, फळका पाडून, साखळीला तेल देऊन, हौद्यात खुर्ची बांधून. चढायचं की नाही ते तू ठरव. मी दोन पावलं मागे उभी राहीन, हात मागे बांधून. आणि ताई, या वेळी माझ्या मागे कुणी नसेल, म्हणून आधीच लिहून ठेवते आहे, ते हात काय करत असतील.

तुझीच, आणि अजून तुझ्यामागेच असलेली,
शेपूट