खिडकीची चौकट

ता. ११, मंगळवार, सकाळ

ठमे,

तुला आणि पिल्लूला पोटभर आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार.

मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण घरात बोलणारं तेवढंच आहे, म्हणून त्याला गप्प करत नाही. तू दिलेला स्वेटर अजून घातला नाही, उगीच मळायचा. हे पत्र कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या हाती देतोय. तो तुमच्याच बाजूला राहतो, संध्याकाळी आणून देईल. फोन का नाही केला म्हणशील. काल केला होता की. सांगायचं एक होतं आणि मी पाण्याच्या टाकीवर बोलत बसलो. कागद मध्येच "हं, मग?" म्हणत नाही. सातवीत शाळा सुटलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे.

हे वाचून तू परत या घराची पायरी चढशील की नाही, हीच धास्ती आहे.

शुक्रवारी खालच्या मजल्यावर दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या होत्या. घरातल्या हवेनं, पाण्यानं, धुळीनं लहान मुलांना काय होतं ते आईबापांना समजावून सांगायला. चहा मिळेल म्हणून मीही जाऊन बसलो. सगळ्या तरण्या आया, मांडीवर मुलं, आणि मधोमध मी म्हातारा. नर्सबाईंनी विचारलं, "आजोबा, तुमचं बाळ कुठंय?" म्हटलं, येतं अधूनमधून. सगळ्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी माझ्या बोलण्यावर कोणी हसलं, बरं वाटलं.

मग त्या म्हणाल्या, जुन्या ऑइलपेंटात शिसं असू शकतं. तो कोरडा घासला की त्याची धूळ होते. धूळ जमिनीवर, जमिनीवरून हातावर, हातावरून तोंडात. वाढत्या मेंदूला ते बाधतं, आणि वरून काही दिसत नाही. मूल हसतं, खेळतं.

माझा चहा तसाच राहिला.

तुम्ही येणार म्हणून मी खिडकीची चौकट घासली होती ना. पोपडे नातीच्या हाताला टोचतील म्हणून. पॉलिशपेपरनं कोरडीच घासली आणि धूळ झाडूनं झाडून काढली. म्हणजे सगळ्या खोलीभर पसरवली, हे आता कळतंय. तू आल्याआल्या म्हणालीस, "बाबा, घर उजळलं." आणि पिल्लू त्याच चौकटीला धरून पहिल्यांदा उभी राहिली. दात शिवशिवत होते, कबुतरं बघताबघता चौकट कुरतडत होती. तू म्हणालीस, अगदी उंदीर आहे. फोटो काढलास. तो माझ्या उशाशी आहे. शुक्रवारपासून पालथा ठेवलाय.

नर्सबाईंना मी वर घेऊन आलो. त्यांनी चौकटीवर एक ओली कांडी घासली. तिचं टोक लाल झालं, म्हणजे रंगात शिसं आहे. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "घाबरू नका आजोबा, पण लपवूही नका. रक्त तपासलं की कळेल. लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं. तिच्या आईला आजच सांगा."

आणि मी तुला टाकीचं सांगत बसलो.

तेव्हा ठमे, उद्या सकाळी पिल्लूला डॉक्टरांकडे ने. शिशासाठी रक्त तपासा, असं स्पष्ट सांग. नुसतं "जरा बघा" म्हणू नकोस. इथं आणलेला तिचा कापडी ससा आणि त्या दिवशीचे कपडे वेगळे धू. जेवायच्या आधी तिचे हात साबणानं धू. झाडू मारू नकोस, ओल्या फडक्यानं पूस.

मीही पुसतोय. चौकटीचं काम जाणत्या माणसाला दिलंय. तोवर त्या खोलीला कुलूप लावलंय. जन्मभर लोकांची अडलेली कुलपं उघडून दिली, हे एक मात्र स्वतःच लावलं.

तिला इथं आणू नकोस, मी हो म्हणेपर्यंत नाही. बोलावलंस तर मीच येईन, तो स्वेटर घालून. तो कपाटात होता, त्याला धूळ लागलेली नाही. आत नको वाटलं तर जिन्यात बसेन, तिथून तिचा आवाज येतो.

माझ्यावर ओरडायचं असेल तर मनसोक्त ओरड. पण आधी डॉक्टर, मग मी.

फोन जवळ घेऊन बसलेला,
तुझा बाबा