चारशे ठोकळे आणि वर वीस

राहू, ता. दौंड
१२ जानेवारी १९५८

आदरणीय मामूंना रशीदचा सलाम.

तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल, मामींचा खोकलाही गेला असेल. मी जिवंत आहे, तब्येतीनं ठणठणीत.

तुम्ही घोडनदीहून एस.टी.च्या टपावर टाकून पाठवलेले चारशे ठोकळे पोचले. इंच म्हणजे इंच! तुमच्यातल्या सुतारानं कुठंच चूक केली नाही, मामू. मास्तर झालेल्या भाच्यानं केली. शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटीसाहेबांचा शेरा चांगला पडला तर मी नोकरीत कायम होणार, आन् कायम झालो तरच तुमच्या गुलशनचा निकाह माझ्याशी लावाल, हे तुम्ही चार माणसांत बोललेले. म्हणून सातवीला घनमूळ ठोकळे रचूनच दाखवायचं ठरवलं. (नुसतं खडूनं शिकवलं असतं तर आज सुखात असतो.)

आदल्या दिवशी रचून पाहिलं. सात लांब, सात रुंद, सात उंच, झकास बसलं. पण सत्तावन्न ठोकळे उरले. मग चारशेचे मूळ अवयव पाडले: दोन चार वेळा, पाच दोन वेळा. पूर्ण घनात प्रत्येकाची तिघातिघांची टोळी लागते. दोनांची एक टोळी जमली, चौथा दोन एकटाच, पाच दोघंच. म्हणजे अजून दोन दोन आणि एक पाच हवा. दोन दुणे चार, चार पंचे वीस. 'वीसच कमी!' म्हणून मी एकट्यानंच टाळी वाजवली. (अहो, विसानं गुणायचं असतं. मी मिळवले.) लाकूड नव्हतं, म्हणून फळ्याच्या घोडीचा मागचा पाय कापून वीस ठोकळे पाडले.

परवा साहेब समोर, फळा माझ्या खांद्यावर, आन् सत्याहत्तर ठोकळे घनाबाहेर. साहेबांनी विचारलं, "एकूण किती, गुरुजी?" मी छातीठोक सांगितलं, "चारशेवीस, साहेब!" वर्ग असा खिदळला की शाळेत पाणी भरणाऱ्या सगुणाबाई दारातून म्हणाल्या, "कोण चारशेवीस? आपलं गुर्जी व्हय?"

साहेबांनी मग आठ हजार ठोकळ्यांचा घन मला तोंडी समजावला, बाजू विसाची. शेरा असा: 'शिक्षक उत्साही आहेत. बेरीज व गुणाकार यांतील फरक त्यांना कळल्यावर कायम करण्याचा विचार व्हावा.' महिन्यानं परत येणार आहेत. फार लाज वाटली, मामू.

तुमचा भाचा,
रशीद

ता. क. सत्तावन्न ठोकळे नुसते बाजूला ठेवले असते तरी भागलं असतं, हे आज जेवताना सुचलं.

आणखी ता. क. गुलशन, मामूंना पत्रं तूच वाचून दाखवतेस, हे सगळं लिहून झाल्यावर ध्यानात आलं. शाई संपत आली, दुसरा कागद नाही. एक महिना थांबशील का, तेवढं कळव. हे मोठ्यानं वाचू नकोस.